लाल मास्तरांचा अल्पसा आजार

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी भंडाऱ्याजवळच्या शहापूरच्या घरी परसात वालाच्या शेंगा तोडत होते. "मॅडम, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली. आवाज इतका सरळ होता की मला आधी वाटलं, मास्तर कुठे बाहेरगावी गेले असावेत... मग कळलं. टोपली तिथेच टाकली, चपला सरकवल्या आणि लाखनीची बस धरली. भंडाऱ्याच्या स्टँडवर एक ओळखीचे गृहस्थ चढले. त्यांची दोन्ही मुलं आमच्या शाळेत शिकलेली, त्यातल्या थोरल्याला तर मास्तरांनी पहाटे पहाटे पळवून पळवून पोलिसात लावलेला. ते माझ्या शेजारी बसले, चुकचुकले, खिडकीबाहेर पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "काय मॅडम, मास्तरचं ते खानदानीच होतं म्हनते न? मंग पोरीलेही होईन का?" मास्तरांना अजून शेवटची आंघोळही घातली नव्हती. मला किळस आली. ती किळस गेले काही आठवडे माझ्या घशाशी बसून आहे आणि ती बाहेर टाकल्याशिवाय मला मास्तरांविषयी चार बरे शब्द लिहिता यायचे नाहीत. ज्यांना अशा लेखात फक्त फुलं हवी असतात त्यांनी खुशाल पान उलटावं.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोसह बातमी आली. "क्रीडाशिक्षक विश्वनाथ रंगारी यांचे अल्पशा आजाराने निधन." मजकूर त्यांच्या मोठ्या भावाने दिलेला. भाऊ भंडाऱ्याला राहतात, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले आहेत आणि कोणत्या कागदावर काय लिहायचं हे त्यांना फार चांगलं कळतं. अल्पसा आजार! जो आजार माणसाच्या हाडांच्या आत वर्षानुवर्षं मुक्काम ठोकून होता, ज्याची खोडच मुळी सावकाश चालण्याची, त्याला अल्पसा म्हणायचं. का, तर खरं नाव छापलं असतं तर लोकांनी ते वाचलं असतं. जसं काही लोक वाचायचे थांबले होते.

जिल्ह्याची वाटणी झाली, गोंदिया वेगळा झाला, त्या सुमाराला मास्तर तिकडच्या शाळेतून लाखनीला आमच्याकडे आले. "वाटणीत तिकडे जंगल गेलं, आपल्या वाट्याला हा लाल माणूस आला," असं आमचे तेव्हाचे मुख्याध्यापक म्हणायचे. उंच, रुंद खांद्याचे, आणि चेहरा असा की नुकतेच उन्हातून धावत आले असावेत. जानेवारीच्या थंडीतही तसाच. कान लाल, तळहात लाल, डोळ्यांतल्या शिरासुद्धा लाल. पोट्ट्यांनी पहिल्याच आठवड्यात "लाल मास्तर" नाव ठेवलं आणि ते मास्तरांना इतकं आवडलं की फोनवरही "मी लाल मास्तर बोलून राहिलो" म्हणायला लागले. मी विज्ञान शिकवायची, ते पीटी. त्यामुळे आमचं वैर ठरलेलंच. कवायतीच्या नावाखाली ते माझे तास पळवायचे आणि मी स्टाफरूममध्ये त्यांच्या अंगावर जायची. ते शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "ताई, तुमी पोट्ट्याइले फेफडे शिकवता, मी ते वापरा लावतो. भांडन कायचं?" असल्या माणसाशी फार दिवस भांडता येत नाही. पुढे त्यांची बायको गेली, प्रज्ञा कॉलेजात होती, तेव्हापासून तर माझं त्या घरी जाणंयेणं बहिणीसारखंच झालं.

भीमजयंतीला गावात रक्तदानाचं शिबिर असायचं आणि पहिला मान मास्तरांचा. रक्त घेण्याआधी बोटाला सुई टोचून एक थेंब निळ्या पाण्यात सोडतात. थेंब बुडाला तर रक्त चालतं, तरंगला तर माणसाला चहा-बिस्कीट देऊन परत पाठवतात. मास्तरांचा थेंब सोडला की दगडासारखा तळाशी जायचा. पाहायला पोरं गोळा व्हायची. "पाहा बे, याले म्हनते रगत!" मग टाळ्या. ते निळं पाणी रक्त पातळ आहे की नाही तेवढंच सांगतं, फार दाट आहे का हे सांगत नाही. आणि फार दाट रक्त हीसुद्धा भानगड असू शकते, हे आमच्याकडे कुणाच्या डोक्यात येत नाही. इथे पिढ्यानपिढ्या रक्त कमी असण्याचीच भीती. बायांचं कमी, लेकरांचं कमी, सिकलसेलच्या आजाऱ्यांचं तर विचारूच नका. तिथे एक माणूस असा निघाला की रक्त अंगात मावत नाही. लोक म्हणायचे, "मास्तरले रगत भरलं हाय." मास्तर मला सांगायचे, "ताई, रक्त देऊन आलो का डोक्यावरचा गोटा उतरल्यासारखा वाटते." मी म्हणायची, अहो, चांगल्या माणसाला रक्त दिल्यावर जरा गरगरतं, तुम्हाला हलकं कसं वाटतं? एकदा दाखवा कुणाला. ते हसायचे आणि पुढच्या शिबिराची तारीख विचारायचे.

आणि ती खाज. आंघोळ केली की मास्तरांच्या अंगाला खाज सुटायची. पुरळ नाही, गांधी नाही, काही दिसायचं नाही, पण अंगभर मुंग्या डसल्यासारखं व्हायचं. ऊन पाण्याने जास्त. म्हणून ते पुसाच्या थंडीतही थंड पाण्याने अंग धुवायचे आणि तरीही ओल्या पंच्यावर तडक ओसरीतल्या सागवानी खांबाकडे जायचे. खांबाला पाठ लावून, डोळे मिटून, वरखाली, वरखाली... शेजारची म्हातारी ओरडायची, "मास्तर, म्हैसबी इतकी घासत नाई बापा!" मास्तर डोळे न उघडता म्हणायचे, "आजी, म्हशीले ड्युटीवर जा लागत नाई." इतकी वर्षं घासून त्या खांबावर खांद्याच्या उंचीला एक जागा तयार झाली. बाकी खांब खडबडीत, जुना, आणि तेवढीच जागा गुळगुळीत, तेल लावल्यासारखी चमकणारी. प्रज्ञा लहानपणी त्या जागेत तोंड पाहायचं नाटक करायची.

पुढचं समजायला आमच्या भागातली एक रीत सांगायला हवी. सिकलसेल हा रक्ताचा आजार आमच्याकडे घरोघरी ठाऊक आहे. तो आईबापांकडून लेकरांत येतो. दोघांच्याही रक्तात त्याचा अर्धा अर्धा वाटा असला तर होणारं लेकरू जन्मभर दुखण्यात जाऊ शकतं. म्हणून लग्नाआधी दोघांचंही रक्त तपासून कार्ड पाहायचं, असा प्रचार झाला. आमच्या तालुक्यात तो प्रचार ज्यांनी पायाला भिंगरी लावून केला त्यांत मास्तर पहिले. शाळेत पोरांच्या रांगा लावून रक्त तपासून घ्यायचे. कुणाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, असला की बोलावलेलं असो वा नसो, उभे राहून दोन शब्द बोलायचेच. "छप्पन साली आपन कुंडली सोडली. आता रक्ताचं कार्ड पाहा. लेकरू रडलं नाई पाह्यजे." लोकांनी ऐकलं. खरंच ऐकलं. किती लेकरांचे हाल वाचले असतील कोण जाणे. पण लोकांनी ऐकलं ते अर्धंच. रक्तात दोष म्हणजे खानदानात दोष, एवढंच त्यांनी उचललं, आणि कुंडलीच्या रिकाम्या खुंटीवर कार्ड नेऊन टांगलं.

मग मास्तरांच्या पायांची आग सुरू झाली. बोटं लाल-निळी व्हायची, रात्री चादर सहन होत नसे. रोवणीच्या दिवसांत ते शेतावर जाऊन बांधीतल्या, म्हणजे भाताच्या खाचरातल्या, गार चिखलात पाय रोवून नुसते उभे राहायचे आणि मजूर बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. अखेर माझ्या कटकटीला कंटाळून नागपूरला रक्ताच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी चेहरा पाहिला, हात पाहिले, खाजेचं विचारलं, रक्त तपासलं. म्हणाले, हाडातल्या मज्जेने रक्ताचा कारखाना बेताल चालवलाय. हा रक्ताचा एक प्रकारचा कॅन्सरच, पण सावकाश वाढणारा. घाबरू नका. एक जनुकीय तपासणी करून घ्या. ती आली की नाव पक्कं होतं, औषध ठरतं. गोळ्या घ्यायच्या, वेळोवेळी रक्त काढून टाकायचं, माणूस पुष्कळ वर्षं जगतो. नाही केलं तर मात्र दाट रक्ताची गुठळी कुठेही अडकू शकते... मेंदूतही.

मास्तर परत आले ते सरळ माझ्याकडे. तेव्हा मी निवृत्त होऊन शहापूरला आले होते, त्यांची थोडी नोकरी उरली होती. चहाला हात लावला नाही. म्हणाले, "ताई, जनुकीय म्हनजे तेच न? सिकलसारखं? मंग प्रज्ञाले?" कॅन्सर हा शब्द त्यांनी उच्चारलासुद्धा नाही. मी शेतकऱ्याची लेक, मी त्यांना धानावरच समजावलं. म्हटलं, मास्तर, बियाणंच खराब असेल तर ते ज्या ज्या बांधीत पेराल तिथे खराबच उगवणार. ते सिकल. पण बियाणं चांगलं, रोवणी चांगली, आणि मागाहून एका बांधीत करपा पडला तर तो त्या बांधीचा. तुमच्या हाडातल्या एका पेशीत मागाहून हा बिघाड झाला. प्रज्ञा तर किती आधी काढून ठेवलेलं बियाणं. तिचा काय संबंध? ही तपासणी तुमच्या खानदानाची नाही, तुमच्या मज्जेची आहे. मास्तरांचा चेहरा सैल झाला. चहा उचलला. "समजलं... दहावीच्या पोट्ट्याले समजन असं सांगतलं तुमी." आणि मग, कप खाली ठेवून, "पन कोंढ्याले कोन सांगन?"

कोंढ्याला प्रज्ञाचं जमत आलं होतं. प्रज्ञा ग्रामसेवक, मुलगा नागपूरला इंजिनिअर, मुलाचे वडील बोरकर गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक. दोघांची सिकलची कार्डं पाहून झाली होती, दोन्ही स्वच्छ. साक्षगंधाची तारीख तेवढी काढायची होती. अशा वेळी मुलीच्या बापाने जनुकीय तपासणी करायची म्हणजे... मास्तरांनी आपल्या भावाला विचारलं. भावाने जे सांगितलं ते मी माझ्या कानांनी ऐकलं, त्याच ओसरीत. "हे पाह्य विशू, टेस्ट केली का कागदावर येते. कागदावर नाई आलं तं आजारच नाई. पोरीचं लग्न होऊ दे, मंग कर पाह्यजे तेवढ्या टेस्टा." आयुष्यभर फायली दाबून ठेवलेल्या माणसाने आता भावाचं रक्त दाबून ठेवायचं ठरवलं. मी तिथेच तोंड सोडलं. म्हटलं, लग्नात मुलीचा बाप उभा दिसायला पाहिजे की नाही? भाऊ म्हणाले, "मॅडम, तुमी आमच्या घरचा मामला नका पाहू." मास्तरांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला बसपर्यंत सोडायला आले तेव्हा म्हणाले, "पायाची आगच तं होते, ताई. थोड्या दिवसाचा प्रश्न हाय." नागपूरला जाणं त्यांनी बंद केलं. शिबिरात रक्त देणंही बंद केलं. "आपलं बिघडलेलं रक्त दुसऱ्याले कसं द्यायचं?" म्हणजे जो एक हलकेपणा मिळायचा तोही त्यांनी आपल्या हाताने सोडला. प्रज्ञाला यातलं काही सांगायचं नाही, अशी मला शपथ घातली.

आणि इतकं करून बातमी फुटली कुठून? भावाकडूनच. "कोनाले सांगू नको" असं बजावून त्यांनी ती आपल्या साळ्याला सांगितली. आमच्याकडे एवढं बजावलं की निरोप नेमका पोहोचतो. कोंढ्याहून फोन आला, साक्षगंध जरा पुढे ढकलू. मास्तर जायला तयार होईनात, भाऊ फोन उचलेनात, म्हणून मीच उठून कोंढ्याला गेले.

तो दिवस आठवला की आजही तोंड कडू होतं. गुरुजींनी आदराने बसवलं, लाखोळीच्या डाळीचे गरम वडे आणवले, आग्रह करकरून खायला लावले. मी सगळं समजावलं, बियाणं आणि करपा, सगळं. गुरुजी मान डोलवत होते. मध्येच त्यांनी मला "पेशी विभाजनाच्या वेळी" असा शब्दही सुचवला. माणसाला कळत होतं हो! न कळणाऱ्याचा मला कधी राग आला नाही, आयुष्य मी न कळणाऱ्यांतच काढलं. सगळं ऐकून गुरुजी म्हणाले, "मॅडम, तुमचं विज्ञान आमाले शंभर टक्के मंजूर हाय. पन समाजात राहा लागते. तुमी असं करा, पोरीचीच ती टेस्ट करून द्या. साफ आली का वाजतगाजत घेऊन जातो." मी म्हटलं, गुरुजी, जे तिच्यात असण्याचा प्रश्नच नाही ते शोधायला तिच्या अंगात सुई का घालायची? डॉक्टर सांगतात लेकरांची तपासणी लागत नाही. आणि साफ आली तर उद्या तुम्ही आणखी काही मागाल. तर हसून म्हणाले, "गाय घेताना आपन दात पाह्यतोच न?" त्यांच्या भिंतीवर महापुरुषांच्या तसबिरी होत्या, कपाटात पुस्तकं होती. वडा माझ्या हातात तसाच राहिला.

मास्तरांना मी गाय आणि दात सांगितले नाहीत. पण कुणीतरी सांगितले. ते खूप वेळ खांबाला टेकून उभे होते. आंघोळ केलेली नव्हती, खाजही नव्हती. मग म्हणाले, "कार्ड पाहा, कार्ड पाहा म्हनून मीच शिकवलं न त्याइले..." मी म्हटलं, तुम्ही बरोबर तेच शिकवलं, ते चुकीचं शिकले. ते म्हणाले, "मास्तरले असं नाई म्हनता येत, ताई."

सव्वीस जानेवारीच्या संचलनाची तयारी चालू होती. मैदानावर मास्तरांच्या हातातून शिटी पडली. ती उचलायला वाकले आणि हात शिटीपर्यंत जाईना. पोरांना वाटलं, मास्तर गंमत करताहेत. तोंड वाकडं झालेलं दिसलं तेव्हा पोरं ओरडली. भंडाऱ्याच्या दवाखान्यात प्रज्ञा माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "मॅडम, तुमाले काही तरी माहीत हाय." मी शपथ मोडली. सगळं सांगितलं, धान, करपा, भाऊ, कोंढा, वडे. ती रडली नाही. तिथेच उभ्या उभ्या तिने कोंढ्याला फोन लावला. "गुरुजी, प्रज्ञा बोलून राहिली. आमच्याकडून नाही समजा." पलीकडून काहीतरी लांबलचक चालू झालं, तिने फोन बंद केला आणि आत जाऊन बापाला म्हणाली, "माझ्या लग्नासाठी मराले निघाले होते का तुमी? मले इचारलं का?" मास्तर वाकड्या तोंडाने हसले. त्या हसण्यात सुटका होती.

मग नागपूर. ती तपासणी झाली, दंडातून काढलेल्या साध्या रक्तावरच. नमुना मुंबईला गेला, उत्तर आलं, आणि डॉक्टर म्हणाले होते तेच निघालं. मास्तरांनी मला फोन केला, बोलणं अजून जड होतं. "ताई, नाव भेटलं." लग्न ठरल्यासारखा आनंद. प्रज्ञाने डॉक्टरांना विचारलं, मी करू का ही तपासणी? डॉक्टर म्हणाले, काही गरज नाही. तिने केली नाही. गोळ्या सुरू झाल्या, रक्त काढून टाकणं सुरू झालं, पायांची आग शमली. आणि एक दिवस आंघोळ करून आलेले मास्तर ओसरीत नुसते उभे राहिले, खाजच नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तरी सवयीने जाऊन खांबाला टेकलेच. "याले वाईट वाटन," म्हणाले.

त्यानंतर जे दिवस मिळाले ते चांगले गेले असं मला लिहायचं होतं, आणि लोकांनी ते लिहू दिलं नाही. गुरुजींनी गावोगाव सांगितलं की पोरीकडच्यांनी रक्त लपवलं म्हणून आम्हीच मोडलं. प्रज्ञाला आलेली आणखी दोन स्थळं दारातूनच परतली. भीमजयंतीच्या शिबिराच्या बॅनरवर दरवर्षी मास्तरांचा फोटो असायचा, त्या वर्षी नव्हता. "लोक घाबरते, मास्तर," असं एका कार्यकर्त्याने समजुतीच्या सुरात सांगितलं. हा कार्यकर्ता पूर्वी मास्तरांच्या रक्ताचा थेंब बुडाला की सगळ्यात जोरात टाळ्या वाजवायचा. आणि एक दिवस एक माणूस आला, ओसरीवरही चढला नाही, अंगणातूनच म्हणाला, "मास्तर, मांगं माह्या ऑपरेशनच्या टायमाले तुमचं रगत चढवलं होतं. आता मले काई होईन का?" मास्तरांनी त्याला वर बोलावलं. तो आला नाही. मग मास्तरच काठी टेकत पायऱ्या उतरले, त्याच्यापाशी गेले, चांगला हात खांद्यावर ठेवायला उचलला, आणि तो माणूस मागे सरला. मी पाहत होते. मास्तरांनी हात खाली घेतला आणि म्हणाले, "काई नाई होत, बापा. बिनघोर जा. चांगलं चालून राह्यलं न?" ज्याच्या अंगात या माणसाचं रक्त फिरत होतं तो या माणसाच्या हाताला भ्याला. त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत. त्या माणसाचं नाव मला माहीत आहे आणि ते मी इथे लिहीत नाही, कारण मास्तरांना आवडलं नसतं. मला आवडलं असतं.

लकव्याचा दुसरा झटका सकाळी आला, चहाच्या वेळी, आणि त्यातून ते उठले नाहीत. मी नंतर डॉक्टरांना फोन करून विचारलं, तपासणी वेळेवर झाली असती तर? ते म्हणाले, खात्रीने कुणी सांगू शकत नाही, पण ते दिवस वाया जायला नको होते. खात्री नाही, हेच सगळ्यांच्या पथ्यावर पडलं. पुण्यानुमोदनाच्या शोकसभेत भाऊ माईकसमोर उभे राहिले, "माझा विशू अचानक गेला" म्हणून हुंदका दिला, आणि पाहुण्यांनी डोळे पुसले. अचानक! मी उठून बाहेर मांडवात जाऊन बसले. हुंदका खरा असेलही. मला तो ऐकवला नाही.

पाहुणे पांगल्यानंतर काही दिवसांनी मी प्रज्ञाकडे राहायला गेले होते. दुपारी बोरकर गुरुजी आले. पांढरा सदरा, हातात केळी. खुर्चीवर बसले, पाणी प्यायले, मास्तरांच्या फोटोला हात जोडले, चळवळीचं केवढं नुकसान झालं ते सांगितलं. प्रज्ञा ऐकून घेत होती. जायला उठले आणि उठता उठता मुद्द्यावर आले. मुलाचं अजून कुठे जमलं नव्हतं. ओसरीतल्या खांबाला पाठ टेकून, आरामात, घरच्यासारखं बोलू लागले. "मांगचं सोडून देऊ आता. मास्तर गेले, तो विषय संपला. आमचं मन साफ हाय. फक्त पोरीची ती एकदा टेस्ट करून घ्या, म्हनजे कोनाले बोलाले जागा नाई राह्यत..."

प्रज्ञा म्हणाली, "गुरुजी, खांब सोडा."

गुरुजींना आधी समजलं नाही. मग त्यांची नजर मागे त्या चकचकीत जागेवर गेली, मास्तर तिथे घासत बसायचे हे साऱ्या नात्यागोत्यात माहीत होतं, आणि ते विजेचा धक्का बसावा तसे पुढे झाले. हात मागे नेऊन सदरा झटकायला लागले. "काई लागलं का? काई लागलं का, मॅडम?" मलाच विचारत होते, पाठ माझ्याकडे करून. मुख्याध्यापक! पेशी विभाजन सांगणारा माणूस! मी म्हटलं, लागलं असतं तर बरं झालं असतं, गुरुजी. ते केळी तिथेच ठेवून चपला घालायला लागले.

ते अंगणात होते तेव्हाच प्रज्ञा आत गेली, पाण्यात पिळलेला फडका घेऊन आली आणि त्यांची पाठ टेकली होती ती जागा पुसायला लागली. घाई नाही, राग नाही, ताटली पुसावी तशी, वरून खाली, वरून खाली. गुरुजी फाटकाशी थांबून पाहत होते. तिने फडका उलटा करून पुन्हा एकदा पुसलं, तेव्हा ते गेले.

खांब वाळल्यावर मी तिथे उभी राहिले. ती जागा माझ्या पाठीला लागली नाही, डोक्याला लागली. मास्तर उंच होते.